काळा झगा आणि काळा पहाड

नव्या वस्तूची वाट पाहणे हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु येणारी नवी वस्तू जुन्यासारखी असावी अशी आशा धरून तिची वाट पाहणे हा काही निराळाच प्रकार होय. असा प्रकार अलीकडे जगभर घडला. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतून अशी वार्ता आली की, 'बॅटमॅन' या नावाने सर्वत्र ठाऊक असलेल्या रात्रीच्या पहारेकऱ्यावर एक नवी मालिका निघणार. ती नटांची नसून रेखाटलेल्या, हलत्या चित्रांची असणार. आणि तिच्यातील काळ आजचा नसून सन १९४० च्या सुमाराचा असणार. मालिकेचे नाव 'बॅटमॅन : केप्ड क्रुसेडर' असे ठरले. केप म्हणजे खांद्यावरून लोंबणारा झगा. ही वार्ता ऐकून केवळ मुलेच हर्षित झाली असे नव्हे, तर ज्यांची मुले आज कॉलेजात जातात अशी प्रौढ माणसेही दिवस मोजू लागली.

येथे एक प्रश्न सहज उपस्थित होतो. आजच्या चित्रपटांपाशी यंत्रांचे बळ आहे, पैशाचे बळ आहे, हवे ते दृश्य हुबेहूब उभे करण्याचे सामर्थ्य आहे. हे सर्व हाताशी असता लोकांस जुन्या धाटणीची चित्रे का हवीत? त्यांस जुना पोशाख हवा आहे, की जुना गुण हवा आहे? जळगाव-धुळ्याकडच्या श्रोत्यांस हा प्रश्न दूरचा वाटेल. पण तो तितका दूरचा नाही, हे ओघाने दिसून येईल.

प्रथम या बॅटमॅनची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. १९३९ साली 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' नावाच्या चित्रकथांच्या मासिकाच्या २७ व्या अंकात तो अवतरला. चित्रकार बॉब केन व लेखक बिल फिंगर हे त्याचे जनक. डिटेक्टिव्ह म्हणजे गुप्तहेर. तेव्हा त्याचा जन्मच मुळी गुप्तहेरांच्या घराण्यातला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आदल्या वर्षी जन्मास आलेला सुपरमॅन परग्रहावरचा होता व अचाट बळाचा होता. बॅटमॅनपाशी तसले दैवी देणे काहीच नव्हते. बालपणी डोळ्यांदेखत ज्याचे आईबाप मारले गेले असा तो एक श्रीमंत घरचा मुलगा. त्याने शरीर कमावले, शास्त्रांचा अभ्यास केला, आणि गुन्हेगारांच्या मनात धडकी भरावी म्हणून वटवाघळाचे सोंग घेतले. सुपरमॅन हा जन्मतःच बुद्धिमान असलेल्या विद्यार्थ्यासारखा. बॅटमॅन हा रात्री जागून, पाठांतर करून, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यासारखा. सामान्य माणसास दुसरा अधिक जवळचा वाटावा यात नवल नाही.

या पहारेकऱ्याच्या वंशावळीत नभोवाणीचाही वाटा आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९३० साली अमेरिकेच्या नभोवाणीवर गुप्तहेरकथा सांगणारा एक गूढ आवाज ऐकू येऊ लागला. त्यास 'द शॅडो', म्हणजे 'छाया', असे नाव होते. तो केवळ निवेदक होता. पण श्रोत्यांस कथेपेक्षा तो आवाजच अधिक भावला व ते त्याच्या गोष्टी मागू लागले. म्हणून १९३१ पासून त्याच्या नावाचे मासिक निघाले आणि १९३७ साली तो स्वतः नभोनाट्याचा नायक झाला. आपली पहिली बॅटमॅनकथा याच 'छाये'च्या एका गोष्टीवर बेतलेली होती, असे बिल फिंगर यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. म्हणजे आज ज्याची चित्रे पाहावयास जग आतुर होते, त्याचा एक पूर्वज बिनचेहऱ्याचा, नुसता आवाज होता.

पुढे काळ पालटला. १९६६ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या मालिकेत बॅटमॅन हा हास्यविनोदाचा विषय झाला. नंतरच्या मोठ्या चित्रपटांत तो पुन्हा गंभीर झाला खरा, परंतु तेथे मोटारी, विमाने व स्फोट यांचीच गर्दी अधिक. विचार करीत बसलेला गुप्तहेर त्या धुरळ्यात क्वचितच दिसे. या दोन टोकांच्या मध्ये १९९२ साली एक अपूर्व गोष्ट घडली. ब्रूस टिम व एरिक रॅडोम्स्की या दोघांनी 'बॅटमॅन : द ॲनिमेटेड सीरीज' ही चित्रमालिका काढली. तिचे ८५ भाग झाले. ती मुलांकरिता होती, पण तिच्यात मुलांना मूर्ख समजलेले नव्हते.

या मालिकेतील एक युक्ती सांगण्याजोगी आहे. हलत्या चित्रांची पार्श्वभूमी सामान्यतः पांढऱ्या कागदावर रंगवितात. रॅडोम्स्की यांनी ती काळ्या कागदावर रंगविण्याची रीत घातली. पांढऱ्या कागदावर चित्रकाराला अंधार आणावा लागतो. काळ्या कागदावर अंधार आधीच असतो, चित्रकाराला केवळ हवा तेवढा उजेड आणावा लागतो. एखादी खिडकी, एखादा दिवा, एखाद्या उंच इमारतीची कड, एवढेच रंगवावयाचे. बाकीचे काम काळोख करतो. त्या इमारतींचे घाट १९३० च्या सुमारास प्रचलित असलेल्या 'आर्ट डेको' या वास्तुशैलीचे होते. मॅक्स फ्लायशर यांच्या चित्रशाळेने १९४१ साली सुपरमॅनची छोटी चित्रे काढण्यास आरंभ केला व १९४३ पर्यंत अशी १७ चित्रे निघाली. त्यांचा आदर्शही टिम यांच्यापुढे होता. नायकाला आवाज केव्हिन कॉनरॉय यांनी दिला. श्रीमंत गृहस्थ म्हणून बोलताना एक आवाज आणि झगा पांघरल्यावर दुसरा, असे दोन स्वर त्यांनी योजिले. २०२२ च्या नोव्हेंबरात कॉनरॉय निवर्तले तेव्हा, तीस वर्षे ऐकलेला घरचाच माणूस गेल्याचे दुःख अनेकांस झाले.

आता २०२१ च्या आशेचा अर्थ लागतो. याच ब्रूस टिम यांनी, जे. जे. एब्रॅम्स व मॅट रीव्हज या दोन चित्रपटदिग्दर्शकांना बरोबर घेऊन, नव्या मालिकेचा संकल्प सोडला होता. चाहत्यांच्या अपेक्षा मुख्यतः तीन होत्या. पहिली, नायक पुन्हा गुप्तहेर व्हावा. त्याने ठोसे कमी मारावे व विचार अधिक करावा. दुसरी, काळ खरोखर जुना असावा. खिशात दूरध्वनी नाही, भिंतीवर टेहळणीचे यंत्र नाही, गणकयंत्र नाही, अशा जगात त्याला पायी हिंडून, माणसांशी बोलून, कागदपत्र चाळून शोध लावावा लागावा. तिसरी अपेक्षा जरा नाजूक होती: १९९२ च्या मालिकेची नुसती नक्कल होऊ नये, तरी तिचा जीव मात्र यावा. म्हणजे मुलगा बापासारखा दिसावा, पण बापाचा अंगरखा घालून हिंडणारा बहुरूपी नसावा.

आशेच्या वाटेत विघ्न ठेवलेलेच असते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, ज्या संस्थेने मालिका दाखविण्याचे पत्करले होते तिने अंग काढून घेतले. काम अर्ध्यावर, मालक नाही, अशी स्थिती झाली. पुढे २०२३ च्या मार्चमध्ये 'ॲमेझॉन'च्या 'प्राइम व्हिडिओ'ने ती उचलली व दोन पर्वांची मागणी नोंदविली. शेवटी १ ऑगस्ट २०२४ रोजी पहिल्या पर्वाचे दहा भाग लोकांपुढे आले. वार्ता आली त्या दिवसापासून तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

लोकांस ती आवडली काय? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. जुन्या काळाचे दिवे, मोटारी, टोप्या, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या यांनी पुष्कळांचे समाधान झाले. नायकाचे कान उंच, झगा लांब, बोलणे मोजके. पोलीस त्याच्या मागावर असतात व तो अद्याप आपल्या धंद्यात नवखा असतो, हेही रुचले. परंतु कित्येक जुनी पात्रे बदलून टाकली होती. पेंग्विन हा खलपुरुष येथे स्त्री झाला. हार्ली क्विन ही १९९२ च्याच मालिकेत जन्मलेली खट्याळ स्त्री येथे मनोरोगांवर उपचार करणारी गंभीर वैद्य झाली. कोणी म्हणाले, हेच नावीन्य. कोणी म्हणाले, ही मोडतोड. वाद रंगला. परंतु दोन्ही पक्ष भांडत होते ते मिशीच्या पिळावरून किंवा टोपीच्या रंगावरून नव्हे, तर पात्राच्या स्वभावावरून. ही गोष्ट चांगली. लोकांस जुना पोशाख हवा की जुना गुण, या आरंभीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

उरलेले अर्धे उत्तर आपल्या घरात शोधावयाचे आहे.

अमेरिकेत काळा झगा पांघरलेला पहारेकरी जेव्हा छापील पानांवर हिंडू लागला, त्याच पिढीत मुंबईत एक मराठी लेखक काळ्या पोशाखातल्या दुसऱ्या एका वीराची जुळवाजुळव करीत होता. लेखकाचे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. पण या नावाने त्यांस कोणी ओळखणार नाही. 'बाबूराव अर्नाळकर' म्हटले की मात्र वृद्धांचे डोळे चमकतील. १९०६ ते १९९६ असे नव्वद वर्षांचे आयुष्य त्यांस लाभले, आणि त्यांच्या हातून एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून झाल्या. धनंजय हा चतुर गुप्तहेर व त्याचा सोबती छोटू. दुर्जनांस लुबाडून दीनांस साह्य करणारा झुंजार. आणि रात्रीच्या वेळी काळा वेष करून गुन्हेगारांचा व पोलिसांचाही एकाच वेळी पिच्छा चुकविणारा काळा पहाड, ही त्यांची पात्रे दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीची होती. दिवसा चंद्रवदन नावाचा सभ्य गृहस्थ, रात्री काळा पहाड! दिवसाचे एक नाव व रात्रीचे दुसरे, ही युक्ती बॅटमॅनच्या वाचकांस जितकी परिचित तितकीच अर्नाळकरांच्या वाचकांसही परिचित होती. या कथांवर इंग्रजी कथांची छाया होती हे खरे. परंतु बॅटमॅनवर तरी दुसऱ्या 'छाये'ची छाया नव्हती काय? उसना घेतलेला दाणा आपल्या शेतात पेरला आणि पीक आपल्या मातीचे आले, तर शेतकऱ्यास कोणी दोष देत नाही.

खानदेशात हे पीक घरोघर पोचले. भुसावळ हे आगगाड्यांचे मोठे जंक्शन. मुंबईहून निघालेली गाडी चाळीसगाव, जळगाव करीत तेथे येते व पुढे नागपुराकडची आणि अलाहाबादेकडची अशा दोन वाटा फुटतात. चाळीसगावाहून धुळ्यास फाटा जातो. रहस्यकथेचे पुस्तक हे प्रवासाचे पुस्तक. चाळीसगावास उघडावे व भुसावळ येईतो खुनी सापडावा, अशा बेताचे ते असे. जळगावचे व. वा. वाचनालय, धुळ्याचे गरुड वाचनालय यांसारख्या संस्थांमुळे खानदेशात ग्रंथवाचनाची गोडी जुनीच. परंतु रहस्यकथेला मानाच्या कपाटात जागा क्वचितच मिळे. विद्वान समीक्षकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. शिक्षकांनी ती मुलांच्या दप्तरातून काढून जप्त केली, आणि मधल्या सुटीत स्वतः वाचली, असेही घडले असल्यास आश्चर्य नाही. ज्या मुलास भूमितीचा सिद्धांत डोईजड होई, तोच मुलगा 'खिडकी आतून बंद, मग खुनी बाहेर गेला कसा?' या प्रश्नावर तास तास डोके चालवी. सिद्धांतही हेच सांगतो, गृहीत काय, साध्य काय, सिद्धता काय. पण तेथे प्रेत नसते.

यानंतरच्या पिढीस चित्रकथांचा लाभ झाला. १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स' निघू लागली आणि तिच्या मराठी आवृत्तीत अमेरिकेचा 'फँटम' हा 'वेताळ' होऊन आला. ली फॉक यांचा हा मुखवटेधारी वीर १९३६ चा, म्हणजे बॅटमॅनपेक्षाही तीन वर्षांनी वडील. भाषांतरकाराने नाव किती योग्य निवडले पाहा! वेताळ हे नाव ऐकताच गावच्या वेशीवरचा शेंदूर फासलेला धोंडा व अमावस्येची पालखी मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे उभी राही. परका वीर एका शब्दाने घरचा झाला. १९९० साली ही पुस्तके निघावयाची थांबली. परंतु खानदेशातील पुष्कळ माळ्यांवर, जुन्या ट्रंकांत, ती अद्याप बांधून ठेवलेली आढळतील.

धुळ्यापासून आग्रा रोडने नाशिककडे निघाले की वाटेत मालेगाव लागते. हे गाव आज नाशिक जिल्ह्यात मोडते, पण त्याची नाळ खानदेशाशी जुळलेली आहे. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख नामक हौशी गृहस्थाने व त्याच्या सोबत्यांनी अत्यल्प पैशांत चित्रपट काढण्याचा उद्योग आरंभिला. 'मालेगाव के शोले' झाला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' झाला. कॅमेरा पुढे सरकविण्यास सायकल व वर उचलण्यास बैलगाडी, अशी त्यांची साधने. उडणाऱ्या सुपरमॅनचे काम यंत्रमागावर राबणाऱ्या शफीक शेख या कृश तरुणाने केले. त्याची हकीकत फैजा अहमद खान यांनी २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट याच मंडळींवर प्रदर्शित झाला. शफीक त्यापूर्वीच, २०११ साली, कर्करोगाने गेला होता. हा सुपरमॅन थट्टेचा होता. पण त्या थट्टेत एक निश्चय होता. दूरदेशीचा वीर आपल्या गल्लीत, आपल्या बोलीत, आपल्या हाडकुळ्या देहाने उभा राहू शकतो, हे त्या कामगारांनी करून दाखविले. त्यांनी वाट पाहिली नाही.

येथून मराठी चाहत्यांच्या आशेकडे वळावयाचे. जुन्या धाटणीच्या नव्या बॅटमॅनकडे पाहणाऱ्या मराठी मनात असा विचार येणे साहजिक आहे की, असाच एखादा काळा पहाड रेखाटला जाईल काय? याकरिता लागणारी सामग्री परदेशातून आणावयास नको. आर्ट डेको इमारतींचा जो मोठा समुदाय जगात नावाजला जातो तो मुंबईतच आहे. १९३३ चे रीगल, १९३८ चे ईरॉस ही चित्रगृहे आणि मरीन ड्राइव्हच्या गोलसर कोपऱ्यांच्या इमारती आजही उभ्या आहेत. २०१८ साली युनेस्कोने तेथील व्हिक्टोरियन व आर्ट डेको वास्तुसमूहास जागतिक वारशाचा मान दिला. काळ्या कागदावर उजेडाच्या चार रेघा ओढल्या की गॉथम नव्हे, खुद्द मुंबई उभी राहील. हलत्या चित्रांची विद्याही आपल्याकडे आजची नाही. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' या चित्रात काड्यापेटीतील काड्या नाचविल्या. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ साली 'जंबूकाका' हे व्यंगचित्रपट काढले. ज्या देशात आगकाड्या नाचल्या तेथे काळा पहाड का चालू नये?

परंतु पोशाख व इमारती उभ्या केल्या म्हणजे काम संपले, असे समजणे घातक होय. खरा कठीण भाग पुढेच आहे. रात्री वेष पालटून दुष्टांस शासन करणारा हा वीर कायद्याच्या आत आहे, की बाहेर? अमेरिकेच्या बॅटमॅनला हा प्रश्न पोलिसांशी असलेल्या झगड्यापुरता छळतो. १९४० च्या दशकातील मराठी वीरास तो कितीतरी खोल छळेल, कारण तेव्हा कायदा परक्यांचा होता.

एका दिवसाचे उदाहरण पुरे आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजावर आग लागली. त्यात कापसाच्या गासड्या, दारूगोळा व सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. भयंकर स्फोट झाले, शेकडो माणसे मेली, आणि सोन्याच्या विटा उडून दूरवर जाऊन पडल्या. त्याच दिवशी खानदेशात, धुळ्याहून निघालेला सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यातील चिमठाण्याच्या परिसरात क्रांतिकारकांनी अडवून लुटला. पाच लाखांहून अधिक रुपये त्यांच्या हाती पडले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आदी वीर त्यात होते. तो पैसा लढ्याकरिता होता. सरकारच्या कागदांत तो दरोडा ठरला. लोकांच्या मनात तो पराक्रम ठरला. आता त्या काळचा एखादा प्रामाणिक मराठी पोलीस अंमलदार या खजिन्याच्या तपासावर नेमला गेला, असे कल्पावे. त्याच्या मागे पोटार्थी नोकरी, पुढे देशबांधव. त्याने पाउलखुणा ओळखल्या, तर त्या सांगाव्या की पुसाव्या? असा प्रश्न ज्या कथेत उभा राहील तीच खरी जुन्या काळाची कथा. टोपी, छत्री आणि ग्रामोफोन दाखवून जुना काळ येत नाही. त्या काळच्या माणसाला झोप का येत नव्हती, हे दाखविले म्हणजे तो येतो.

जुन्या धाटणीची चित्रे आजच्या लोकांस हवीशी वाटतात याचेही मर्म येथेच आहे. आज शोध लावणे यंत्राचे काम झाले आहे. कोण कोठे होता हे दूरध्वनी सांगतो, कोण आला-गेला हे भिंतीवरचा डोळा सांगतो. माणसाने डोळे उघडे ठेवून पाहावे, आठवावे, ताडून पाहावे, चूक निघाली तर पुन्हा आरंभ करावा, ही तपासाची जुनी पद्धत मागे पडत चालली आहे. जुन्या काळातला गुप्तहेर साधनांनी दरिद्री असतो, म्हणून त्याची बुद्धी श्रीमंत दिसते. जळगावच्या एखाद्या जिनिंग कारखान्यात कापसास आग लागली. मालक म्हणतो अपघात, हमाल म्हणतो घात. तेथे गेलेल्या गुप्तहेराने सरकीचा वास, कुलपाची गंजलेली कडी, पहारेकऱ्याच्या कंदिलात उरलेले तेल, एवढ्यावरून सत्य काढावयाचे. असा नायक पाहताना बालकांच्या मनात 'हे मलाही करता येईल' असा विश्वास उत्पन्न होतो. उडता येणारा वीर कौतुकास पात्र असतो. विचार करणारा वीर अनुकरणास पात्र असतो. म्हणून चाहत्यांची आशा पोरकट नाही. अंधारात एकट्याने उभे राहून, अपुऱ्या साधनांनी, सत्य शोधणारा माणूस पुन्हा पाहावयास मिळावा, अशी ती आशा आहे; आणि अशी आशा ज्या समाजात शिल्लक आहे तो समाज अद्याप निद्रिस्त झालेला नाही.

मात्र आशेबरोबर कर्तव्य येते. अमेरिकेतील चाहत्यांस १९३९ चा तो अंक, १९४१ ची ती चित्रे, १९९२ ची ती मालिका, हे सर्व आज पाहावयास मिळते, कारण ते कोणीतरी जपून ठेवले. म्हणून नव्या चित्रकारास जुन्याकडे वळून पाहता आले. आपल्याकडे काय स्थिती आहे? रहस्यकथा स्वस्त कागदावर छापलेल्या. वाचून वाचून त्यांची पाने सुटली, मुखपृष्ठे फाटली, आणि रद्दीच्या तराजूत त्यांचे वजन झाले. अर्नाळकरांच्या निवडक कथा पुन्हा छापल्या गेल्या ही समाधानाची गोष्ट. परंतु हजारातून निवडक म्हणजे किती? ती जुनी मुखपृष्ठे, त्यांवरचे रंग, पिस्तूल रोखलेली ती आकृती, खिडकीतून पडलेला तो पिवळा उजेड, हीच तर उद्याच्या चित्रकाराची शाळा. शाळा पाडून विद्यार्थ्याची वाट पाहण्यात काय अर्थ?

म्हणून जळगावात, धुळ्यात, अमळनेरात, चोपड्यात, शिरपुरात, ज्या कोणाच्या माळ्यावर अशी पुस्तके पडून असतील त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी गावच्या वाचनालयात नेऊन द्यावी. वाचनालयांनी ती हलकी म्हणून परतवू नयेत. वाळवी लागलेली पाने उन्हात न टाकता सावलीत वाळवावी, कोरड्या कपाटात ठेवावी, आणि ज्यांस नव्या यंत्राने पानांची छायाचित्रे घेणे जमते अशा तरुणांस ते काम सांगावे. ज्या आजोबांस धनंजय आणि छोटू आठवतात त्यांनी नातवंडांस एक तरी गोष्ट सांगावी. आणि खुनी कोण, हे मात्र लगेच सांगू नये. नातवास रात्रभर विचार करू द्यावा. सकाळी त्याने बरोबर नाव सांगितले, तर काळ्या पहाडाचा नवा चित्रकार किंवा लेखक कदाचित त्याच घरात वाढत असेल.

परदेशातला झगा वाऱ्यावर फडफडतो आहे, तो खुशाल पाहावा, त्याचा आनंद घ्यावा. पण सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसास काळा पहाड पाहावयास फार दूर जावे लागत नाही. तो संध्याकाळ झाली की उत्तरेस रोज उभाच असतो. कोणीतरी काळा कागद पुढे ओढून त्यावर पहिली उजेडाची रेघ काढावयाची, एवढेच बाकी आहे.